डावखुऱ्या सहीची गोष्ट

विद्यापीठात त्याला सगळे 'हवालदार' म्हणायचे. पोलीसखात्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. तो पडताळणी विभागात वरिष्ठ लिपिक होता. एखाद्या दवाखान्यातून नाहीतर कारखान्यातून पत्र यायचं, 'अमुक व्यक्तीनं तुमची पदवी दाखवली आहे, ती खरी आहे का ते कळवावं,' आणि ते पत्र फिरत फिरत त्याच्या टेबलावर येऊन पडायचं. खोटं प्रमाणपत्र तो नुसतं बोटांत धरून ओळखायचा. म्हणून हवालदार.

त्याची बायको त्याच इमारतीत दोन मजले वर, आस्थापना विभागाची प्रमुख होती. नोकरीला दोघं एकाच महिन्यात लागली होती. ती खात्याच्या परीक्षा देत देत वर चढली आणि तो आपल्या खुर्चीला चिकटून राहिला. "मला माझे कागद बरे," म्हणायचा. त्याच्या विभागातली माणसं तिला जिन्यात 'मॅडम' म्हणायची आणि घरी आली की 'वहिनी'. यावर त्याचा एक ठरलेला विनोद होता, "घरी तिचं चालतं आणि ऑफिसात माझं चालत नाही." ती दर वेळी हसायची.

दुपारी दीड वाजता ती डबा घेऊन दोन जिने उतरायची. पडताळणीच्या मागे जुन्या कपाटांची एक अरुंद खोली होती. तिथे एक टेबल, दोन स्टुलं आणि भिंतीला टेकवलेली मोडकी शिडी. चोवीस वर्षं ती दोघं तिथे जेवली. जेवताना तो बोलायचा आणि ती ऐकायची. आज कोणाचं पत्र आलं, कुणी वडिलांच्या नावात एक अक्षर घुसडून अख्खी पदवी लाटायला बघितली, कुठल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी चाळीस वर्षांनी आपली गुणपत्रिका मागितली आणि ती हातात पडल्यावर खिडकीशीच उभं राहून तीनदा वाचली. त्याचं सांगणं असं रंगायचं की भाजी गार व्हायची. तिच्या स्वतःच्या कामात सांगण्यासारखं काही नसायचं. रजा, बढत्या, चौकशा. आणि त्यातलं निम्मं सांगायची मुभाच नसायची. ते तोही समजून होता, कधी खोदून विचारायचा नाही.

एक गोष्ट मात्र त्यानं जेवताना सांगितली नव्हती, घरी सांगितली होती. दार लावून घेऊन.

एका दवाखान्यानं तिथल्या नर्सची पदविका तपासायला पाठवली होती. सगळं बरोबर होतं, तरी त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एकोणीस वर्षांपूर्वीची परीक्षा. एकाच नावाच्या दोन मुली, बैठक क्रमांक लागोपाठ, ४१७ आणि ४१८. ४१७ नापास, ४१८ पास. त्यानं तळघरातून परीक्षागृहाचे हजेरीपट काढले आणि नुसत्या सह्या बघत बसला. पहिल्या दोन पेपरांना ४१७ ची सही पुसटलेली होती, ओल्या शाईवरून हात फिरल्यासारखी. डावखुऱ्या माणसाची होते तशी. तिसऱ्या पेपरापासून ती पुसट सही ४१८ समोर गेली होती. शेवटपर्यंत. कुणा पर्यवेक्षकानं तिसऱ्या दिवशी दोघींना चुकीच्या जागी बसवलं होतं आणि एकीचे गुण दुसरीला गेले होते. त्यानं उत्तरपत्रिकांचे गुण पुन्हा मांडले. खरं पाहता दोघीही पास होत्या.

जी नापास ठरली होती ती एका कपडे धुण्याच्या दुकानात इस्त्री करत होती. तिला शोधायला तो स्वतः गेला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साहेब, कागद द्या. पण हे कुणाला सांगू नका. मी आजवर घरी सांगत आलेय, परीक्षेला बसलेच नव्हते म्हणून."

"सही डाव्या हातानं केली तिनं पोचपावतीवर," नवरा सांगत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "फाइलीत मी 'लेखनिकाची चूक, दुरुस्ती केली' एवढंच लिहिलंय. तिला शब्द दिलाय. तू म्हणजे काही 'कुणी' नव्हेस, म्हणून तुला सांगितलं."

त्याला सहा वर्षं झाली.

मग कुलसचिवांनी एक दिवस तिला बोलावून दार लोटायला सांगितलं. विद्यापीठाचं कामकाज टप्प्याटप्प्यानं स्वयंचलित करायचं ठरलं होतं. अर्ज, दाखले, पडताळणी, सगळं संगणकानं आपलं आपण करावं. त्यासाठी एक तज्ज्ञ नेमायचा होता, आणि निवडीचं काम तिच्याकडे होतं.

"पहिला टप्पा पडताळणी," कुलसचिव म्हणाले. "काम चालू झालं की तो विभाग बंद. सहा माणसं इकडे तिकडे सामावून घेऊ. कुणाची नोकरी जाणार नाही. पण आदेश निघेपर्यंत हे या खोलीबाहेर जाता कामा नये. आधी बोभाटा झाला तर एक कागद हलायचा नाही."

तिनं पेनाला टोपण लावलं.

"तुमचे मिस्टर तिथेच आहेत, ठाऊक आहे मला. म्हणून तर मुद्दाम सांगतोय. तुम्हाला जमणार नसेल तर आत्ता सांगा, मी दुसऱ्या कुणाकडे देतो."

तिनं क्षणभर विचार केला. दुसऱ्या कुणाकडे गेलं तर तो कुणीतरी एखादा घाईचा माणूस आणून बसवेल, महिन्याभरात सगळं उपटून मोकळा होईल. आपल्या हातात असलं तर निदान माणूस बरा निवडू. असं तिनं स्वतःला सांगितलं. ते खोटंही नव्हतं.

"जमेल," ती म्हणाली.

त्या दुपारी ती दीड वाजता खाली गेली. नवऱ्यानं एका बनावट शिक्क्याची गोष्ट सांगितली. ती हसली.

पहिली जाहिरात समितीतल्या संगणकाच्या प्राध्यापकांनी लिहिली. तिच्यात इतक्या अटी होत्या की तसा माणूस भूतलावर असला तरी विद्यापीठात कशाला येईल, असं वाटावं. साठेक अर्ज आले आणि एकही कामाचा निघाला नाही. एकानं तर विद्यापीठाचंच नाव चुकवलं होतं. दुसरी जाहिरात तिनं लिहिली. साधी. त्यात एक ओळ घातली, 'जे काम कागदावर कुठेही लिहिलेलं नाही, ते करणाऱ्या माणसाजवळ बसून समजून घेण्याची तयारी हवी.' प्राध्यापकांनी नाक मुरडलं, पण ओळ राहिली.

पाच जण मुलाखतीला आले. प्रात्यक्षिकासाठी एखादं खरं, गुंतागुंतीचं प्रकरण द्यावं असं ठरलं. प्राध्यापकांनी दिलेली उदाहरणं पुस्तकी होती. "तुमच्या माहितीत आहे का एखादं?" कुलसचिवांनी विचारलं.

तिच्या तोंडून ते निघून गेलं. तिनं बैठक क्रमांक बदलले, साल बदललं, नर्सच्या जागी शिक्षिका केली. पण दोन मुली, एक नाव, आणि डावखुरी सही, हे तसंच ठेवलं. ते काढलं असतं तर प्रकरणात राहिलं काय असतं? प्राध्यापक म्हणाले, "वा! हे उत्तम आहे." तिला बरंसुद्धा वाटलं. नवऱ्याची हुशारी त्याचं नाव न घेता का होईना, त्या मोठ्या टेबलावर मांडली गेली होती.

चौघांनी झटपट उत्तरं दिली. एकानं प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळा क्रमांक द्या म्हटलं, एकानं चेहरे जुळवा म्हटलं. पाचवी एक पस्तिशीची बाई होती, केस बारीक कापलेले, कोपराला शाईचा डाग. तिनं कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "इथे यंत्रानं थांबावं. 'मला कळत नाही' असं म्हणून माणसाकडे पाठवावं. ज्यांनी हे शोधून काढलं ते अजून आहेत का इथे? मला आधी त्यांच्याजवळ बसायला आवडेल."

आस्थापनेच्या बाईंचा जीव भांड्यात पडला. हिलाच घ्यायचं. समितीत तिनं हट्ट धरला आणि तडीस नेला. मग कुलसचिवांना एकटं गाठून तिनं आणखी एक मागून पाहिलं, विभाग बंद झाल्यावर नवऱ्याला सल्लागार म्हणून नव्या व्यवस्थेत जागा द्यावी. कुलसचिवांनी मान हलवली. "तुमच्याच घरच्या माणसासाठी पद निर्माण केलं, असं म्हणतील लोक." ते बरोबरच होतं.

तज्ज्ञबाई आली आणि नवऱ्याचे दिवसच पालटले. पहिल्या दिवशी त्यानं तिच्यासाठी चांगली खुर्ची मिळवायला भांडारात जाऊन भांडण केलं. आठवड्याभरात तिला 'पोरी' म्हणायला लागला. ती प्रत्येक गोष्टीला 'का' विचारायची, आणि त्याला तर तेच हवं होतं. चोवीस वर्षांत कुणी 'का' विचारलंच नव्हतं. कागदाची जाडी, शिक्क्याची कड, कोणत्या सालात कोणता कारकून आकडा सात कसा काढायचा, सगळं त्यानं तिच्यापुढे ओतलं. ती वहीत लिहून घ्यायची, मग संगणकात घालायची, मग पुन्हा येऊन विचारायची.

"अगं, काय डोकं आहे पोरीचं!" तो जेवताना सांगायचा. "तीन वर्षांनी मी निवृत्त झालो की हे सगळं कुणाच्या हवाली करायचं, याचा घोर लागला होता मला. आता नाही. आता हा विभाग पुढची पन्नास वर्षं चालेल बघ."

"पाणी घ्या," ती म्हणायची, आणि स्वतःच प्यायची.

सांगून टाकावं, असं तिला रोज वाटायचं. दोन जिने उतरताना वाटायचं आणि चढताना वाटायचं. पण त्यानं 'हे तुला कधीपासून...' असं विचारलं तर काय सांगायचं, हा प्रश्न दिवसागणिक मोठा होत गेला. पहिल्या आठवड्यात सांगणं अवघड होतं. चौथ्या महिन्यात ते अशक्य झालं.

आदेश निघायला आठ दिवस होते. त्या दिवशी तज्ज्ञबाईचं यंत्र पहिल्यांदा संपूर्ण चाललं. दोनशे पत्रं त्यानं तासाभरात तपासली आणि अकरा बाजूला काढून 'माणसानं पाहावं' असं कळवलं. विभागात टाळ्या पडल्या. चहा आला. खुशीच्या भरात तज्ज्ञबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "खरं श्रेय सरांचं आहे. तुमच्याच प्रकरणावर तर मला ही नोकरी लागली! मुलाखतीत तेच दिलं होतं. त्या दोन मुली, ती डाव्या हाताची सही. आपली पहिली भेट झाली तेव्हाच मी ओळखलं होतं, हे तुमचंच काम."

"कुठल्या मुली?" कुणीतरी विचारलं. आणि तिनं, बिचारीनं, सगळी गोष्ट सांगितली. छान सांगितली.

तीन वाजता आस्थापना विभागाच्या दारावर टकटक झाली.

"मॅडम, आत येऊ?"

चोवीस वर्षांत तो त्या दारातून असं विचारून कधी आला नव्हता. ती उभी राहिली. "अहो, असं काय विचारताय? या ना. बसा."

तो बसला नाही. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"ती सहीची गोष्ट तू दिलीस मुलाखतीला?"

"साल बदललं होतं हो मी. आकडे बदलले होते. कुणाला कळणार नाही असं..."

"खाली पाच जणांना कळलं. नर्सची ती फाइल त्यांच्याच हातांतून गेलीय. त्यातल्या एकाची बहीण त्याच दवाखान्यात आहे."

"माझ्या मनात तसं नव्हतं. मला वाटलं, तुमचं काम त्यांना दिसावं..."

"ती मी तुला सांगितली होती," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "विद्यापीठाला नव्हे."

मग त्यानं भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. तिथे विभागांची नावं आणि पदसंख्या लावलेली होती. पडताळणीच्या ओळीवर तिनं पेन्सिलीनं बारीकशी खूण केली होती. चोवीस वर्षं कागदांतली खाडाखोड शोधणाऱ्या माणसाला ती दिसायची राहणार होती थोडीच.

"आणखी काय आहे, जे मला माहीत नाही?"

तिनं सांगितलं. सगळं सांगितलं. विभाग बंद होणार, त्याची बदली ग्रंथालयाच्या साठा विभागात होणार, आदेश तयार आहे, आणि त्याच्यावर सही तिची आहे.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"आठ महिने."

बाहेर कुणीतरी कपाटाचा खण जोरात लावला.

"आठ महिने," तो म्हणाला. "म्हणजे मी त्या पोरीचं कौतुक सांगत होतो तेव्हा... पन्नास वर्षं चालेल म्हटलं मी. तू समोर बसून ऐकत होतीस."

"मला बोलायची बंदी होती. माझं कामच तसं आहे, तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे. काम तू चोख केलंस." त्यानं खुर्चीच्या पाठीवरचा हात काढला. "पण एखाद्या दिवशी निदान म्हणायचं होतंस, आज काही सांगू नका. एवढंच. मी समजलो असतो."

आणि तो खाली गेला. साडेपाचपर्यंत काम केलं, आणि रोजच्यासारखा तिच्यासाठी फाटकाशी थांबला. वाटेत म्हणाला, "दूध घ्यायचंय का?" ती म्हणाली, "हो."

दुसऱ्या दिवशी तज्ज्ञबाई वर आली ती रडतच. विभाग बंद होणार हे तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. "मी त्यांच्या खुर्चीखालची जमीन काढून घेत होते आणि ते मला चहा पाजत होते," ती म्हणाली. "मी राजीनामा देते."

"त्यांना विचारा आधी."

"विचारलं. ते म्हणाले, वेडी आहेस का पोरी, अजून जुन्या शिक्क्यांचं राहिलंय, वही काढ."

त्या आठ दिवसांत त्यानं तिला उरलंसुरलं सगळं शिकवलं. काहीही हातचं राखलं नाही. शेवटच्या दिवशी टेबलाचा खण रिकामा केला, पुसून घेतला आणि किल्ली भांडारात जमा केली. मधल्या एका संध्याकाळी तो इस्त्रीच्या दुकानात जाऊन आला. ती बाई काय म्हणाली, ते त्यानं घरी सांगितलं नाही. बायकोनं विचारलं तेव्हा "जाऊन आलो" एवढंच म्हणाला.

यंत्र चांगलं चाललं, हेही सांगायला हवं. ज्या उत्तराला तीन आठवडे लागायचे ते दोन दिवसांत जाऊ लागलं. नोकरीसाठी ताटकळणाऱ्या पोरांचे आभाराचे निरोप आले. कुलसचिवांनी बैठकीत त्याच्या बायकोचं नाव घेऊन कौतुक केलं आणि पुढच्या टप्प्यासाठी आणखी चार तज्ज्ञ शोधायला सांगितले.

ग्रंथालयात जेवणाची सुट्टी एक वाजता असायची. "तू कशाला धावपळ करतेस," तो म्हणाला. "मी तिकडेच खातो." मग तीही आपल्या टेबलावरच डबा उघडू लागली.

घरात भांडण नव्हतं. ती वाट पाहत होती की एकदा तरी तो कडाडेल, ताट सरकवेल. तसं काही झालं नाही. तो भाजी निवडून द्यायचा, तिच्या डोकेदुखीला गोळी आणून द्यायचा, गच्चीतले कपडे काढून घड्या घालायचा. फक्त बोलायचा कामापुरतं. दिवस कसा गेला म्हटलं की "बरा" म्हणायचा. एका रविवारी सकाळी ती त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "माझं चुकलं. एकदा काय ते बोला मला. शिव्या द्या हवं तर."

त्यानं चष्मा काढला. "राग नाही गं. खरंच नाही. माफ म्हणशील तर कधीच केलंय." काचा पुसत म्हणाला, "सांगावंसं वाटतं. परवाच एक गंमत झाली तिकडे, येताना सगळी मनात जुळवूनसुद्धा आणली. पण तुझ्यासमोर आलो की तोंडाशी येऊन थांबते. मी ढकलून पाहतो. नाही येत."

तिनं त्याचा हात धरला. त्यानं धरू दिला.

परगावी असलेल्या लेकीचा बुधवारी संध्याकाळी फोन आला. ती हसतच बोलायला लागली. "आई, बाबांनी काय धमाल सांगितली गं! त्या प्राध्यापकांनी अकरा वर्षांनी पुस्तक परत केलं आणि आतून त्यांच्या सासूबाईंचं पत्र निघालं! मी हसून हसून पडले. पत्रात काय होतं, ते तर कळस! तुला तर नक्कल करून दाखवली असेल ना त्यांनी?"

आतल्या खोलीत तो कपड्यांना बटण लावत बसला होता. दिव्याखाली मान खाली घालून, दोरा ओवत.

"हो तर," ती म्हणाली. "दाखवली ना."

"मग? तुला कुठलं आवडलं? ते शेवटचं वाक्य की नाही?"

"तेच," ती म्हणाली आणि हसली. लेकीला खरं वाटेल इतपत हसली. मग फोन त्याच्याकडे नेऊन दिला, आणि बाप-लेकीचं बोलणं कानावर पडू नये म्हणून स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला.